‘एक चिकित्सक अभ्यास’ म्हणजे नेमकं काय?

शोधगंगेवर जा आणि आपल्या विषयातल्या मराठी प्रबंधांची शीर्षकं चाळा. ‘एक अभ्यास’, ‘एक चिकित्सक अभ्यास’ ही शेपटी पुन्हा पुन्हा भेटेल. माझा आक्षेप शेपटीला नाही. तिच्याआड बऱ्याचदा प्रश्नच नसतो, याला आहे.

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ घ्या. स्थापना १९६२ची. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार. त्यांनी संपादित केलेली ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ विद्यापीठानेच प्रसिद्ध केली. आधी साधनं, मग निष्कर्ष, हा धडा तिथे घरातलाच आहे.

आता समजा, तुमचं शीर्षक आहे ‘जिल्ह्यातील सहकारी साखर कारखाने : एक अभ्यास’. यात विषय आहे, प्रश्न नाही. ‘ऊसतोड मजुराची उचल किती हंगामांत फिटते आणि तिचा हिशेब कोण ठेवतं?’ हा झाला प्रश्न. मग कुठले कागद बघायचे, कोणत्या मुकादमाशी बोलायचं, हे ठरवता येतं. पूर्वसंशोधनाचा आढावाही नावांची यादी राहत नाही. कुणी याचं उत्तर कुठवर आणलंय, ते तुम्ही शोधू लागता.

सिनॉप्सिस देण्याआधी शीर्षक झाकून ठेवा आणि प्रश्नचिन्हाने संपणारं एकच वाक्य लिहा. जमत नसेल, तर आरआरसीची घाई करू नका. तीन-चार वर्षं त्या वाक्यासोबतच काढायची आहेत.