बालवर्गातला शरद

गेल्या वर्षी आश्विनात माझा पाच वर्षांचा नातू शाळेतून एक कागद घेऊन आला. कागदावर मेपलचे पान, त्याखाली ‘शरद ऋतू’ ही अक्षरे आणि पान नारिंगी रंगवण्याची सूचना. त्याने ते इमानाने रंगवले. मग खिडकीबाहेर पाहून विचारले, “आजोबा, आपली झाडे अजून हिरवी कशी?” प्रश्न झाडांबद्दल होता, पण त्याच्या सुरात आपलेच काहीतरी चुकले असावे अशी शंका होती. मला ती झोंबली.

चूक त्याची नव्हती, कागदाची होती. इंग्रजी ‘ऑटम’ला आपण ‘शरद’ म्हणून मोकळे होतो. महिने बरेचसे जुळतात. झाडे जुळत नाहीत. आपल्या शरदात आभाळ निवळते, भात पिवळे पडते, दारी झेंडूचे तोरण लागते. पानगळ येते ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. ज्या वयात वाचलेला शब्द आणि पाहिलेली वस्तू यांची पहिली गाठ पडायची, त्याच वयात आपण ती सोडवून ठेवतो.

म्हणून परदेशी पुस्तकांवर राग काढावा काय? माझी भाची अमेरिकेत असते. तिने पाठवलेले लोइस एलर्ट या बाईंचे ‘लीफ मॅन’ पाहिले आणि माझा राग निवळला. एलर्टबाई विस्कॉन्सिनच्या, 2021 साली त्या वारल्या. 2005 सालच्या या पुस्तकात त्यांनी खरी पाने गोळा करून त्यांच्या रंगीत प्रतींतून एक पानांचा माणूस उभा केला आहे. वारा त्याला उडवून नेतो. वाटेत कोंबड्या, बदके, ठिपक्यांच्या गाई भेटतात, त्याही पानांच्याच. पुस्तकात पानांची नावेही दिली आहेत. मला हे फार मोलाचे वाटते. मूल पुस्तक मिटते ते अंगणात जाण्यासाठी.

दोष सांगायचा तर गोष्ट पातळ आहे. वारा नेईल तिकडे कथा जाते. तिसऱ्या वाचनाला नातवाचे लक्ष शब्दांवरून उडून चित्रांवर गेले. गोष्ट हवी असेल तर लिओ लिओनी यांचे 1967 सालचे ‘फ्रेडरिक’ घ्यावे. बाकीचे उंदीर हिवाळ्यासाठी धान्य साठवतात आणि हा पठ्ठ्या ऊन, रंग नि शब्द साठवतो. धान्य संपल्यावर त्याची शिदोरी उपयोगी पडते. मुंगी आणि नाकतोड्याच्या गोष्टीतून आळशीपणाचा धडा घेतलेल्या आपल्या पिढीला हा शेवट थोडा अवघड जातो. नातवाला मुळीच गेला नाही.

ही दृष्टी आपल्याला परकी आहे असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा पाने, बिया, शिंपले, खडे हीच त्यांची साधने होती. एलर्टबाईंनी आपल्या अंगणातून जे केले तेच या दोघींनी आपल्या अंगणातून केले. बालवर्गाच्या वाचनसाहित्याची माझी कसोटी आता एवढीच आहे: ते वाचून मूल जे शोधायला बाहेर धावेल, ते त्याला बाहेर सापडते का? त्या नारिंगी कागदाचा या कसोटीवर निभाव लागत नाही. मेपल जिथे उगवतो तिथे तोच कागद कदाचित चालूनही जाईल.

माघात आमच्या आवारातल्या देशी बदामाची पाने लालभडक होऊन गळू लागली. नातवाने ती वेचली आणि ओसरीवर एक लठ्ठ माणूस मांडला. नाव ठेवले ‘बदामबुवा’. मी त्याखाली ते नाव मोठ्या अक्षरांत लिहिले आणि त्याने बोट ठेवून वाचले. पुस्तकातले नव्हते, तरी त्याचे हे वाचन मला सर्वांत खरे वाटले.

यंदा त्याची धाकटी बहीण त्याच वर्गात आहे. परवा तोच कागद पुन्हा घरी आला. ती खडू शोधू लागली, तेव्हा दादा गंभीरपणे म्हणाला, “रंगव, पण हे तिकडचे पान आहे. आपले माघात पडते. तेव्हा मी तुला दाखवीन.”