स्टालिनचा ताळेबंद मांडू नका

"स्टालिन क्रूर होता, पण युद्ध त्यानेच जिंकून दिलं." दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. त्यावर दुसरा म्हणतो, "छे! युद्ध लोकांनी जिंकलं, स्टालिन असूनही जिंकलं." चहाच्या टपरीवर दोन्ही वाक्यं चालतात. संशोधन प्रस्तावात मात्र दोन्ही अडकतात. का अडकतात, ते आज एका पुस्तकाच्या आधारे बघू. पुस्तक आहे जेफ्री रॉबर्ट्स यांचं 'स्टालिन्स वॉर्स' (२००६).

रॉबर्ट्स यांचं म्हणणं थोडक्यात असं: स्टालिनने भयंकर चुका केल्या, पण तो त्यांतून शिकला, आणि युद्धनेता म्हणून तो अतिशय परिणामकारक ठरला. ते त्याचे गुन्हे लपवत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. न वाचता "स्टालिनवादी पुस्तक" म्हणून झटकू नका.

पुस्तकाची ताकद कुठे आहे? स्रोतांच्या हाताळणीत. एक उदाहरण घ्या. फेब्रुवारी १९५६मध्ये ख्रुश्चेव्हने बंद दाराआड भाषण केलं. त्यात त्याने सांगितलं की जर्मन हल्ल्यानंतर स्टालिन खचला आणि बराच काळ त्याने काहीच केलं नाही. ही गोष्ट कित्येक वर्षं पुस्तकांतून फिरत राहिली. पुढे १९९०च्या दशकात स्टालिनच्या क्रेमलिनमधल्या कार्यालयाची अभ्यागत-नोंदवही छापली गेली. तिच्यात २२ जून १९४१च्या पहाटेपासून २८ जूनपर्यंत माणसांची सतत ये-जा दिसते. २९ आणि ३० जूनला एकही नोंद नाही. ३० जूनलाच राज्य संरक्षण समिती स्थापन झाली आणि तिचा अध्यक्ष स्टालिन झाला.

म्हणजे "बराच काळ" हे खोटं ठरलं. शिवाय ख्रुश्चेव्ह त्या दिवसांत मॉस्कोत नव्हता, युक्रेनमध्ये होता. तो ऐकीव सांगत होता, आणि १९५६मध्ये आपल्या सगळ्यांचा दोष एका मेलेल्या माणसावर ढकलणं त्याच्या सोयीचंही होतं. पण इथे थांबा. नोंदवही कोण आलं, कधी आलं, एवढंच सांगते. आत बसलेल्याच्या मनात काय चाललं होतं, ते ती सांगत नाही. शिवाय ते दोन कोरे दिवस कोरेच राहतात. एका स्रोताने दुसरा खोडला म्हणून त्याच्या उलटं जे असेल ते आपोआप खरं ठरत नाही. या पोस्टमधलं एकच वाक्य वहीत लिहायचं असेल तर हे लिहा.

आता पुस्तक कुठे कमी पडतं ते बघू. माझा आक्षेप 'शिकला' या शब्दाला आहे. सप्टेंबर १९४१मध्ये कीव्हमधून सैन्य मागे घ्यायला स्टालिनने वेळेवर परवानगी दिली नाही. जर्मनांनी सहा लाखांहून जास्त कैदी पकडल्याचा दावा केला. १९४२च्या उत्तरार्धात त्याने सेनापतींना जास्त मोकळीक दिली, ऑक्टोबरमध्ये राजकीय कमिसारांचा समान अधिकार काढून घेतला. शिकला, हे खरंच. पण जे त्याला शिकवू शकले असते त्यांचं काय झालं होतं? लाल सैन्याच्या पाच मार्शलांपैकी तुखाचेव्हस्की, येगोरोव्ह आणि ब्ल्यूखर हे तिघं १९३७ ते १९३९च्या दरम्यान संपवले गेले. खोलवर घुसून शत्रूची फळी मोडण्याचा जो विचार तुखाचेव्हस्कीच्या पिढीने मांडला होता, त्याची छाप नंतरच्या विजयी मोहिमांवर अनेक अभ्यासकांना दिसते. आधी शाळा जाळली आणि मग विद्यार्थी पास झाला, तर नुसता निकाल वाचून कसं चालेल?

"असूनही जिंकलं" म्हणणाऱ्यांनीही खूश होऊ नये. १९४१च्या उत्तरार्धात दीड हजारांहून अधिक कारखाने उचलून पूर्वेकडे नेले गेले. हे काम अतोनात केंद्रित, सक्तीने चालणाऱ्या यंत्रणेनेच केलं. ती यंत्रणा बाजूला काढून 'लोक' तेवढे उरवता येत नाहीत.

म्हणून ताळेबंदाची रीतच चुकीची आहे, असं मला वाटतं. जमेला विजय, खर्चाला दहशत, आणि खाली शिल्लक! अशा वहीत रोकोसोव्हस्कीला कुठे लिहाल? १९३७मध्ये अटक, १९४०मध्ये सुटका, मग स्टालिनग्राड, आणि २४ जून १९४५च्या विजय संचलनाचं नेतृत्व. दारूगोळा खात्याचा मंत्री झालेला वान्निकोव्ह हल्ल्याच्या सुमारास तुरुंगात होता. तुपोलेव्हने कैदेत असताना विमान आखलं. एकच माणूस दोन्ही रकान्यांत येतो.

आकड्यांचंही तसंच. सोव्हिएत युद्धमृत्यूंचा अधिकृत आकडा १९४६मध्ये ७० लाख होता, ख्रुश्चेव्हच्या काळात २ कोटी झाला आणि १९९०मध्ये सुमारे २ कोटी ७० लाख. प्रत्येक आकड्यामागे एक राजवट उभी आहे. १९३७-३८मध्ये गोळ्या घातलेल्यांची गुप्त पोलिसांची स्वतःची नोंद ६,८१,६९२ आहे. यात छावण्यांतले मृत्यू नाहीत, दुष्काळाचे बळी नाहीत. आकडा लिहाल तेव्हा कुणी मोजला, केव्हा, आणि कुणाला मोजलं नाही, हे त्याच परिच्छेदात आलं पाहिजे.

मग प्रस्तावात प्रश्न कसा मांडायचा? "स्टालिन चांगला की वाईट" याऐवजी एखादा निर्णय पकडा. उदाहरणार्थ, फेब्रुवारी १९४४मध्ये चेचेन आणि इंगुश लोकांना घरांतून उचलून मध्य आशियात का पाठवलं? जर्मन सैन्य काकेशसमधून तोवर मागे हटलं होतं. त्याच लोकांतले सैनिक लाल सैन्यात लढत होते. 'युद्धाची गरज' हे उत्तर इथे पुरत नाही. असा प्रश्न कागदपत्रांनी तपासता येतो, आणि तुमचं उत्तर चुकीचंही ठरू शकतं. ज्या प्रश्नाचं उत्तर चुकूच शकत नाही, तो संशोधनाचा प्रश्न नाही.

आपल्या मराठीत हा माणूस मुख्यतः स्टालिनग्राडच्या वाटेने आला. अण्णाभाऊ साठेंचा 'स्टालिनग्राडचा पवाडा' युद्धाच्या काळातला आहे. हिटलर थांबला, याचा तो आनंद होता. त्या आनंदाला १९५६ नंतर कळलेल्या गोष्टींचा जाब विचारू नका. पण १९५६ नंतरही कुणी तोच सूर लावत असेल, तर त्याला मात्र जरूर विचारा.

आणि हा वाद जुना झाला असं समजू नका. बळींची नावं गोळा करणारी 'मेमोरियल' ही संस्था डिसेंबर २०२१मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. ज्या कागदांवरून आपण रॉबर्ट्स यांच्याशी भांडतोय, तसे कागद जपणारी माणसंच तिथे गप्प केली जात आहेत. तेव्हा हातात असलेला कागद नीट वाचा. मत नंतर बनवा.