मूलपेशीपासून निघणारा बाण

मूलपेशींवरचा कोणताही लेख उघडा, त्यात एक चित्र हमखास असते. मध्यभागी एक गोल पेशी आणि तिच्यापासून चहूबाजूंना निघालेले बाण. एका बाणाच्या टोकाशी चेतापेशी, दुसऱ्याच्या टोकाशी हृदयाच्या स्नायूची पेशी. मग यकृताची, रक्ताची, स्वादुपिंडाची. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हे चित्र असते, शाळेच्या फळ्यावर असते आणि दुर्धर आजारांवर उपचार विकणाऱ्या दवाखान्यांच्या गुळगुळीत माहितीपत्रकांतही असते.

पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण करतात तसे या चित्राचे परीक्षण करावे, असे आम्हांला वाटले. त्यासाठी मानवी मूलपेशींचे हे चित्र ज्यावर उभे आहे तो मूळ शोधनिबंधच आम्ही शेजारी घेतला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जेम्स थॉमसन आणि त्यांचे सहकारी यांचा हा निबंध ६ नोव्हेंबर १९९८ रोजी ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. त्याची लांबी अवघी तीन पाने आहे.

उंदराच्या भ्रूणापासून अशा पेशी १९८१ सालीच मिळाल्या होत्या. केंब्रिजमध्ये मार्टिन एव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे त्या वाढवल्या. माणसाच्या बाबतीत तेथपर्यंत पोहोचायला आणखी १७ वर्षे लागली. थॉमसन यांनी वापरलेले भ्रूण शरीराबाहेरील फलनाच्या उपचारासाठी तयार केलेले आणि जोडप्यांनी संमतीने दान केलेले होते. अशा कामाला सरकारी पैसा देण्यास अमेरिकेत १९९६ पासून बंदी होती, म्हणून जेरॉन या खासगी कंपनीचे साहाय्य घेतले गेले. पेशी मिळवताना भ्रूण नष्ट होतो आणि त्यावरून उठलेला वाद आपण सर्वांनी वाचला आहे. तो वाद महत्त्वाचा आहेच. पण त्याच्या गदारोळात या पेशींबद्दलचा पुरावा नेमका काय आहे, हे फार थोड्यांनी तपासले. आम्ही येथे तेवढेच तपासणार आहोत.

निबंध वाचताना पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की काम कसे केले याचा तपशील मुख्य मजकुरात नाहीच. तो शेवटच्या बारीक टाईपातल्या टिपांत दडला आहे. आमच्या मते तोच भाग शिक्षकांनी सर्वांत आधी वाचावा. संशोधकांनी ३६ भ्रूण प्रयोगशाळेत वाढवले. त्यांपैकी २० ‘ब्लास्टोसिस्ट’ या अवस्थेपर्यंत पोहोचले. फलनानंतर पाचएक दिवसांनी भ्रूण पोकळ चेंडूसारखा होतो, तीच ही अवस्था. चेंडूच्या भिंतीपासून पुढे वारेचा भाग बनतो, तर आत एका बाजूला चिकटलेल्या पेशींच्या लहानशा पुंजापासून गर्भ बनतो. त्या २० पैकी १४ ब्लास्टोसिस्ट निवडले. बाहेरच्या भिंतीतील पेशींना ओळखणारी प्रतिपिंडे वापरून ती भिंत नष्ट केली आणि आतला पुंज सुटा केला. या १४ पुंजांपासून शेवटी पाच पेशीवंश हाती आले. ३६, २०, १४, ५. ही उतरंड चित्रात कोठेच नसते.

सुटा केलेला पुंज नुसत्या बशीत ठेवून भागत नाही. खाली उंदराच्या भ्रूणातील पेशींचा एक थर अंथरावा लागतो. या आधारपेशींवर आधीच गॅमा किरणांचा मारा केलेला असतो. त्यामुळे त्या जिवंत राहतात, काही उपयुक्त द्रव्ये सोडतात, पण स्वतः वाढत नाहीत. भोवती वासराच्या भ्रूणाच्या रक्तापासून मिळणारा रक्तद्रव घातलेले पोषक द्रावण असते. नऊ ते पंधरा दिवसांनी पुंज पसरतो. मग त्याचे तुकडे करायचे, ज्या वसाहती एकसारख्या आणि न बदललेल्या दिसतात तेवढ्याच काचेच्या बारीक नळीने उचलायच्या, पुन्हा तुकडे करायचे, पुन्हा नव्या थरावर लावायचे. कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावावे तसा हा प्रकार चालतो. तुकडा ५० ते १०० पेशींचा असला तर उत्तम, असे टिपेत म्हटले आहे. एच-९ नावाचा वंश अशा ३२ पिढ्यांच्या विरजणातून आठ महिन्यांहून अधिक काळ चालला होता.

आता पुराव्याकडे वळू. या पेशी शरीरातील नाना प्रकारच्या पेशी बनवू शकतात, हे कसे दाखवले? ज्यांची प्रतिकारशक्ती दुबळी केलेली आहे अशा उंदरांच्या मागच्या पायाच्या स्नायूत त्या टोचल्या. तेथे गाठ झाली. ती गाठ कापून पाहिली तेव्हा आतड्याचे अस्तर, कूर्चा, हाड, स्नायू आणि चेतासंस्थेच्या ऊती असा सगळा गोंधळ एकत्र सापडला. अशा गाठीला टेराटोमा म्हणतात. भ्रूणाच्या तीनही जननस्तरांपासून होणाऱ्या ऊती तिच्यात होत्या, म्हणून पेशींची क्षमता सिद्ध झाली. पुरावा पटण्याजोगा आहे. पण तो एका गाठीच्या रूपाने आला आहे, हे विसरू नये; पुढे त्याचा संबंध येणार आहे.

उंदराच्या पेशींसाठी याहून कडक कसोटी उपलब्ध असते. त्या दुसऱ्या उंदराच्या भ्रूणात मिसळायच्या आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या अवयवांत त्या आढळतात का, ते पाहायचे. माणसाबाबत हे करता येत नाही आणि कोणी करूही नये. म्हणून लेखकांनी जे तपासता येते त्यावरच आपली व्याख्या बेतली आणि तसे स्पष्ट लिहिले. हा प्रामाणिकपणा आम्हांला आवडला.

एक भोक मात्र राहिले होते. पेशीवंश सुरू झाला तो पुंजापासून आणि पुढे नेला तो तुकड्यांनी, म्हणजे प्रत्येक वेळी अनेक पेशींपासून. मग गाठीतले हाड आणि चेताऊती एकाच प्रकारच्या पेशीपासून झाल्या, की मुळातच काही पेशी हाडाकडे आणि काही चेताऊतीकडे झुकलेल्या होत्या? वर्गात कोणी गाते, कोणी पोहते, कोणी गणिते सोडवते. त्यावरून वर्गातल्या प्रत्येकाला तिन्ही येतात असे म्हणता येत नाही. चित्रात मध्यभागी एकच पेशी काढलेली असते. १९९८ च्या निबंधाने ती एक पेशी दाखवली नव्हती. ही उणीव २००० साली भरून निघाली. मिखाल अमित, थॉमसन व सहकाऱ्यांनी एच-९ मधील एकेका पेशीपासून दोन नवे वंश वाढवले आणि त्यांच्यापासूनही तीनही स्तरांच्या ऊती मिळाल्या. बाणाचे शेपूट तेव्हा पक्के झाले. काम सोपे नव्हते, कारण माणसाच्या या पेशी एकट्या पाडल्या की बहुतेक मरतात. २००७ साली जपानी संशोधकांनी एका रसायनाने यावर उपाय शोधला. एकट्या पेशीपासून वसाहत होण्याचे प्रमाण सुमारे १ टक्क्यावरून सुमारे २७ टक्क्यांवर गेले.

बाणाच्या मधल्या भागाबद्दल आमची मोठी तक्रार आहे. चित्र पाहणाऱ्याला वाटते की पेशी स्वस्थ बसलेली असते आणि शास्त्रज्ञ तिला ढकलून चेतापेशी किंवा स्नायुपेशी बनवतात. बशीत प्रत्यक्षात उलटे घडते. आधारपेशी काढा, वसाहत फार दाट होऊ द्या, की पेशी आपल्या आपणच बदलू लागतात आणि ज्या दिशेने जमेल त्या दिशेने जातात. त्यांना आहे तशा ठेवणे हेच रोजचे काम असते. उंदराच्या पेशींना थोपवून धरायला ‘लिफ’ नावाचे प्रथिन उपयोगी पडते हे १९८८ पासून ठाऊक होते. माणसाच्या पेशींवर त्याची मात्रा चालली नाही, हेही त्याच तीन पानांत नोंदले आहे. पुढे फायब्रोब्लास्ट वृद्धिघटक नावाच्या दुसऱ्या प्रथिनाने ते साधले. उंदराच्या आधारपेशींचाही त्रास होताच. प्राण्यांच्या पेशींतली आणि रक्तद्रवातली एक परकी शर्करा मानवी मूलपेशींच्या पृष्ठभागावर येऊन बसते, असे २००५ साली आढळले. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन-आरोग्य संशोधन संस्थेने २००९ साली दोन पेशीवंश प्रसिद्ध केले, ते संस्थेतच तयार केलेल्या मानवी आधारपेशींवर वाढवलेले होते.

आता बाणाचे टोक. येथे एक प्रकरण थोडे सविस्तर सांगतो, कारण वर्गात सांगण्यासारखे याहून चांगले उदाहरण आमच्या माहितीत नाही. २००१ साली अमेरिकेतील एका नामांकित सरकारी प्रयोगशाळेने उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींपासून इन्सुलिन स्रवणाऱ्या रचना तयार केल्याचे ‘सायन्स’मध्ये जाहीर केले. पेशींना इन्सुलिन ओळखणारा रंग दिला आणि पेशी रंगल्या. मधुमेहावरचा उपचार आता हाताशी आला, असे अनेकांना वाटले. २००३ साली हार्वर्डमधील डग्लस मेल्टन यांच्या गटाने त्याच साप्ताहिकात एक साधा प्रश्न विचारला. पेशींमध्ये इन्सुलिन आहे खरे, पण ते आले कोठून? पेशी ज्या पोषक द्रावणात वाढतात, त्यातच इन्सुलिन घातलेले असते! तपासल्यावर दिसले की पेशी ते द्रावणातून शोषून घेत होत्या. रंग खरा होता. त्याचा लावलेला अर्थ चुकला होता.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? पेशी इन्सुलिन बनवते तेव्हा आधी एक लांब साखळी तयार होते. तिचा मधला तुकडा कापला गेला की इन्सुलिन मोकळे होते. त्या तुकड्याला सी-पेप्टाइड म्हणतात. जितके रेणू इन्सुलिनचे, तितकेच सी-पेप्टाइडचे. द्रावणात बाहेरून घातलेल्या शुद्ध इन्सुलिनबरोबर हा तुकडा येत नाही. तेव्हा पेशीने सी-पेप्टाइड सोडले तर इन्सुलिन तिने स्वतः बनवले असे मानता येते. बाजारातून आणलेल्या लाडवाच्या डब्यावरून घरात लाडू झाले असे म्हणता येत नाही. बेसन भाजल्याचा वास यावा लागतो.

२००६ साली कॅलिफोर्नियातील एका गटाने मानवी मूलपेशींना पाच टप्प्यांनी स्वादुपिंडाकडे नेले. गर्भात अंतःस्तर, मग आतड्याची नळी, मग स्वादुपिंडाचा अंकुर अशा ज्या पायऱ्या येतात, त्याच पायऱ्या त्यांनी बशीत योग्य वेळी योग्य संकेतद्रव्ये घालून घडवून आणल्या. येथे सी-पेप्टाइड मोजले होते आणि ते सापडले. पण ग्लुकोज वाढवल्यावर पेशींचा प्रतिसाद अगदी नाममात्र होता, आणि लेखकांनी तसे लिहिलेही. इन्सुलिन आहे, पण साखर वाढली की सोडायचे हे भान नाही, अशी ती अर्धवट पेशी होती. ग्लुकोजला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात बनवण्याची रीत मेल्टन यांच्या गटाने २०१४ साली प्रसिद्ध केली. १९९८ पासून तेथवर १६ वर्षे झाली होती. फळ्यावर तो बाण खडूच्या एका फटकाऱ्यात निघतो.

माहितीपत्रकवाल्यांना या १६ वर्षांशी कर्तव्य नसते. ते चित्र छापतात भ्रूणीय पेशीचे. टोचतात बहुधा रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या पेशी, ज्यांच्यात ती क्षमता नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्द जाणूनबुजून गाळला गेला. २०१७ च्या आवृत्तीनुसार रक्ताच्या काही विकारांसाठीचे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण तेवढे मान्य उपचारांत बसते. बाकी सर्व प्रयोग, आणि ते रीतसर मंजूर चाचणीतच व्हायला हवेत. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पेशींचे पैसे घेतले जात असतील तर तेथेच थांबावे.

बाण कोठेच पोहोचला नाही, असे मात्र मुळीच नाही. २०२५ च्या जूनमध्ये मूलपेशींपासून घडवलेल्या स्वादुपिंड-पेशींच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षअखेर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते. पूर्ण मात्रा म्हणजे ८० कोटी पेशी. आता विद्यार्थ्यांना एक हिशेब घालावा. समजा, बदलायची राहिलेली मूलपेशी लाखात केवळ एक आहे. तरी ८० कोटींत अशा ८,००० पेशी असतील, आणि अशी पेशी काय करू शकते हे उंदराच्या पायातील गाठीने १९९८ सालीच दाखवले होते. शुद्धतेच्या चाचण्यांवर एवढा खर्च का होतो, ते यावरून कळेल.

पेशी परक्या असल्यामुळे त्या टिकवण्यासाठी या रुग्णांना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात. तुमच्या शाळेत रोज इन्सुलिन टोचून घेणारे एखादे मूल असेल आणि त्याचे आईवडील एखादे माहितीपत्रक घेऊन तुमच्याकडे आले, तर त्यांना हेही सांगा की या चाचणीत लहान मुले नव्हती. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली तरी ज्यांना ते जाणवत नाही, अशाच प्रौढ रुग्णांना तिच्यात घेतले होते.