सैनिकाच्या मुखी ‘गीतांजली’

इंग्रजी ‘गीतांजली’त मूळ बंगाली गीतांचा छंद उरला नाही, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि विल्फ्रेड ओवेन या इंग्रज सैनिक-कवीचे स्मरण आपणांस तेथेच थांबू देत नाही. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, अवघ्या २५ वर्षांचा असताना, तो फ्रान्समध्ये मारला गेला. मृत्यूची तार युद्धविरामाच्या दिवशी घरी पोचली. १९२० मध्ये त्याच्या आईने रवींद्रनाथांना कळविले, की अखेरचा निरोप घेताना मुलाने ‘गीतांजली’तलेच निरोपाचे शब्द उच्चारले होते, त्याच्या टिपणवहीतही ते आढळले. मूळ गीतात तृप्त जीव जगाचा निरोप घेतो. येथे तेच शब्द रणांगणाकडे परतणाऱ्या तरुणाचे झाले. अनुवादाने छंद गमावला, परंतु आईजवळ पुत्राची वाणी ठेवली. अनुवादाचे मोल ठरविताना हेही जमेस धरावयास हवे.