दुसरी वेलांटी

परीक्षक कुणाला करावं, याबद्दल आपल्याकडे एक जुना रिवाज आहे. गाण्याच्या स्पर्धेला सूर न लागणारा, वक्तृत्वाला घसा बसलेला आणि रांगोळीला चष्म्याचा नंबर वाढलेला इसम बोलवायचा. त्यामुळे १९८७ च्या जानेवारीत जिल्ह्यातल्या साप्ताहिकांच्या स्पर्धेसाठी मला विचारणा झाली, तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो, आणि वृत्तपत्रांशी माझा संबंध म्हणावा तर एवढाच, की रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल मी एकदा संपादकांना पत्र पाठवलं होतं. ते छापून आलं नव्हतं. खड्डे होते तसेच राहिले.

निमित्त ६ जानेवारीचं होतं. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण'चा पहिला अंक काढला. तेव्हा जिल्ह्यातल्या काही उत्साही मंडळींना वाटलं, की आपल्याकडच्या तालुक्यातालुक्यांतून निघणाऱ्या पत्रांतलं उत्कृष्ट कोणतं हे ठरवून त्याला ढाल द्यावी. ढाल आधीच करून आणली होती. फक्त उत्कृष्ट पत्र शोधायचं राहिलं होतं.

एके दिवशी सायकलच्या कॅरिअरवरून एक गठ्ठा आमच्या घरी आला. एकवीस साप्ताहिकं, प्रत्येकाचे सहा अंक. सोबत गुणपत्रिका. ती पाठ झाल्यासारखी मला अजून आठवते: कागद व छपाई २५, मांडणी २०, अग्रलेख २०, शुद्धलेखन १५, छायाचित्रे १०, जाहिरातींची रचना १०. एकूण १००. मी ती आमच्या हिला मोठ्यानं वाचून दाखवली. ही तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "आणि बातमीला किती?"

मी गुणपत्रिका उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

तर, मी वाचायला बसलो. साप्ताहिक एकटंदुकटं वाचणं वेगळं आणि एकवीस साप्ताहिकं ओळीनं वाचणं वेगळं. एकट्या जिलबीची गोडी एकवीस जिलब्यांत राहत नाही. पहिला शोध लागला तो असा, की तालुक्याच्या संपादकाला तालुका सोडून सगळ्या जगाची काळजी असते. १९८६ च्या ऑक्टोबरात आइसलँडमध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह भेटले आणि काही न ठरवताच उठले. या प्रकरणी आमच्या जिल्ह्यातल्या नऊ संपादकांनी दोघांची कडक शब्दांत कानउघाडणी केली होती. एकानं तर 'यापुढे आम्ही गप्प बसणार नाही' असं बजावलं होतं. त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर, कार्यालयासमोरचं गटार चार महिने तुंबलं आहे, असं 'एक त्रस्त नागरिक' या सहीचं पत्र होतं. त्रस्त नागरिक आणि संपादक यांची भाषा इतकी एकसारखी होती, की क्षेपणास्त्रांवर सही करून लिहिणारा गृहस्थ गटारावर निनावी का लिहितो, याचा मला उलगडा होईना. मागाहून झाला. रेगनसाहेब काही आमच्या जिल्ह्याच्या बाजारात भेटत नाहीत.

दुसरा शोध 'नमुना चार'चा. वर्तमानपत्रांना दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात आपल्या मालकीची माहिती छापावी लागे. मुद्रकाचं नाव: अमुक. राष्ट्रीयत्व: भारतीय. पत्ता: तमुक. प्रकाशकाचं नाव: तोच अमुक. राष्ट्रीयत्व: अजून भारतीयच. संपादक: पुन्हा तोच. मालक: तोच. मोठ्या पत्रांत हा मजकूर रुक्ष वाटतो, पण साप्ताहिकात तो वाचताना मला गलबलून यायचं. चार माणसांची कामं एकटा करणारा हा माणूस बातमी 'आमच्या खास प्रतिनिधीकडून' म्हणून देतो तेव्हा खोटं बोलतो असं मी तरी म्हणणार नाही. तो पाचवी खुर्ची मांडत असतो, इतकंच.

अंकांचे ढोबळमानानं दोन ढीग झाले. पहिला ढीग गुळगुळीत. त्यात पानभर हसरे चेहरे. मंत्र्यांचं आगमन, मंत्र्यांचा सत्कार, मंत्र्यांचं प्रयाण. वाढदिवसाचं अभीष्टचिंतन चार रंगांत, आणि अभीष्टचिंतनाच्या जाहिरातीशेजारी त्याच गृहस्थाच्या कर्तृत्वावर लेख. यातलं एक साप्ताहिक दिसायला इतकं देखणं, की मी ते दोनदा वाचलं आणि त्या तालुक्यात वर्षभरात अभिनंदनाखेरीज काही घडलेलंच नाही, अशी माझी खात्री पटली. कुणी मेलं नाही, विहीर आटली नाही, परीक्षेत कुणी नापास झालं नाही. पण मार्क तर द्यायला हवेत. कागद आणि छपाई: २३. छायाचित्रे: १०. जाहिरातींची रचना: १०.

दुसऱ्या ढिगात एकच पत्र होतं. चार पानी, ट्रेडलवर छापलेलं. शाई कुठे गडद, कुठे फिकी. मथळा डावीकडे कललेला, जणू बाजूच्या बातमीत काय आहे ते वाकून बघतोय. किंमत पन्नास पैसे. लाल पेन घेऊन मी पहिल्यांदा शुद्धलेखनाला हात घातला, कारण तेवढंच मला कळत होतं. पहिलं पान बऱ्यापैकी होतं. तिसऱ्यापर्यंत येता येता 'पाणि', 'नळपट्टि', 'मंत्रि' असा कल्लोळ. पंधरापैकी मी चार दिले, आणि ते देतानासुद्धा उदार झाल्यासारखं वाटलं.

रात्री बघतो तो ही तेच पत्र घेऊन बसलेली. सगळे सहा अंक तिनं संपवले होते. त्या तालुक्यात आमचं कुणी नाही, जाणं नाही, येणं नाही. तरी मला सांगायला लागली, "अहो, यांच्या नळाच्या पाण्याला ना, पाच आठवडे वास येत होता. दर आठवड्याला पहिल्या पानावर तोच चौकोन: 'वास आजही आहे.' सहाव्या अंकात टाकी धुतली. आणि ते तांबड्या बैलाचं वाचलंत का? डाव्या शिंगाला तडा गेलेला? सापडला तो. पण ज्याला सापडला तो म्हणतो, आठ दिवसांच्या कडब्याचे पैसे द्या."

ज्वारीचे भाव, दवाखान्यात डॉक्टर महिन्यातले किती दिवस हजर होते, वाचनालयात कोणती पुस्तकं आली, कुणाच्या मुलीनं पहिल्या प्रयत्नात मॅट्रिक काढली, हे सगळं तिला तोंडपाठ. गुळगुळीत ढिगातल्या अंकावर तिनं तांदळातले खडे काढून ठेवले होते.

आता मी समीक्षक वगैरे नाही. पण एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं, की ज्या गावाशी आपला काडीचा संबंध नाही त्याच्या बैलाची चौकशी आपण करायला लागतो, तेव्हा त्या लिहिण्यात काहीतरी आहे. वास येतो हे कुणीही एकदा छापेल. दुसऱ्या आठवड्यात 'आजही आहे' हे छापायला निराळं काळीज लागतं, कारण बातमी तोवर शिळी झालेली असते आणि नगराध्यक्षांचा राग ताजा असतो. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १९३२ साली त्यांनी 'सकाळ' काढला, तो जगाला इशारे देण्यासाठी नव्हे. गावोगाव बातमीदार नेमले आणि माणसाच्या दाराशी काय चाललंय ते छापलं. त्याआधी १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' हाती घेतला आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो वर्षानुवर्षं चालवला. पुण्यामुंबईचा छापखाना नाही, सावकाराचा पाठिंबा नाही, उलट सावकाराच्याच विरुद्ध लिहिणं. आमच्या गुणपत्रिकेत 'दीनमित्र'ला किती पडले असते? गंमत म्हणून मी 'दर्पण'लाही मार्क देऊन पाहिले. अर्धा मजकूर इंग्रजीत, छायाचित्रे शून्य, आणि साडेआठ वर्षांत पत्र बंद. ज्याच्या वाढदिवसाला ढाल द्यायची, तोच नापास!

निकालाच्या बैठकीला मी हे सगळं बोलणार होतो. अगदी टिपण काढून नेलं होतं. बाकी दोन परीक्षकांपैकी एक होते छापखान्याचे मालक. ते अंक वाचत नसत, दोन बोटांत धरून चोळत, कापडाच्या दुकानात लुगड्याचा पोत बघावा तसे. दुसरे शहरातले निवृत्त संपादक. ते फक्त अग्रलेख वाचत आणि त्यात स्वतःची वाक्यं सापडली की मार्क वाढवत. मी म्हणालो, "पण बातमीला मार्कच नाहीत." छापखानेवाले म्हणाले, "बातमी सगळ्यांतच असते हो, तिला काय मार्क द्यायचे!" निवृत्त संपादकांनी घड्याळ पाहिलं. आणि खरं सांगायचं तर, माझ्याच हातचे शुद्धलेखनाचे चार मार्क माझ्यासमोर लाल शाईत चमकत होते. कोणत्या तोंडानं भांडणार? ढाल देखण्याला गेली. माझं, म्हणजे हिचं, साप्ताहिक उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ म्हणजे एक नारळ आणि प्रशस्तिपत्रक.

समारंभाला संपादक आले होते. साठीचे, कोटाच्या खिशात प्रूफं. नारळ पिशवीत टाकून ते माझ्याकडे आले. मला वाटलं, आता रागावणार. पण ते हात जोडून म्हणाले, "सर, कुठे कमी पडलो ते कळलं तर बरं."

मी चाचरत म्हणालो, "जाहिरातींच्या रचनेत तुम्हाला दोनच पडले."

"त्या होत्याच दोन. पाण्याचं छापल्यापासून नगरपालिकेनं टेंडरं द्यायची बंद केली."

"आणि... शुद्धलेखन."

ते हसले. "दुसरी वेलांटी ना? सर, आमच्या केसमध्ये ते खिळे कमी आहेत. जुन्या छापखान्याचा लॉट घेतला होता मी, १९६२ च्या आधीचा. मग तुमचे नवे नियम आले. कवी, गती, बुद्धी, जो तो शेवटी दीर्घ. नियम आले, पण नियमाबरोबर खिळे काही कुणी पाठवले नाहीत. पहिली दोन पानं दुसरी वेलांटी पुरते. ती संपली की कंपोझिटर पहिली लावतो. छपाई करून खिळे सोडवून पुन्हा जुळवायचे म्हटलं तर अंक मंगळवारच्या बाजाराला मिळत नाही."

बावीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत त्या वेलांटीखाली लाल रेघ मारत आलो होतो. ती मोजूनमापून वापरायची चीज आहे, हे मला प्रथमच कळत होतं.

"मात्र एक आहे," ते म्हणाले, "निधनवार्ता शेवटच्या पानावर असते, पण ती आम्ही सर्वांत आधी जुळवतो. तेवढ्यापुरत्या वेलांट्या राखून ठेवतो. 'श्री'चा खिळा अखंड मिळतो हो, पण 'श्रीमती'तल्या 'ती'ला वेगळी लागते. मंत्र्यांचं नाव पुढच्या आठवड्यात पुन्हा येतं. गेलेल्या माणसाचं एकदाच येतं."

नंतर त्यांची गाडी होती, ते गेले.

घरी आलो तेव्हा हिनं स्पर्धेचा सगळा गठ्ठा स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरून टाकला होता. गुळगुळीत कागदावर तेलाचे डाग पडत नाहीत म्हणून देखणी साप्ताहिकं तेलाच्या बरण्यांखाली, आणि ते चार पानी डाळींच्या डब्यांखाली. मी स्टूल ओढलं आणि एकेक डबा खाली उतरवू लागलो. ही म्हणाली, "आता काय शोधताय?" मी उत्तर दिलं नाही. तूरडाळीच्या डब्याखाली तिसरं पान निघालं: 'मंत्रि महोदयांची भेट'. हरभऱ्याच्या डब्याखाली शेवटचं. कोपऱ्यात, काळ्या चौकटीत, सात ओळी. एका म्हाताऱ्या बाईंची निधनवार्ता. पन्नास वर्षं त्यांनी गावातली बाळंतपणं केली होती, असं त्यात लिहिलं होतं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. श्रीमती. दाई होती ती, दीर्घच होती.