पाहुणा निघून गेल्यावर

जपानमधल्या र्‍योकानचं रील तुम्ही नक्की पाहिलं असेल. सरकतं दार उघडतं. आत तातामीच्या चटया, मधोमध बुटकं टेबल, त्यावर हिरवा चहा. युकाता घातलेलं कुणीतरी लाकडी व्हरांड्यातून चालत जातं. दगडी कुंडातल्या पाण्यातून वाफा निघतायत, वरून बर्फ पडतोय. मग छोट्या छोट्या बशांमधलं लांबलचक जेवण. जेवून, पुन्हा एकदा कुंडात डुंबून खोलीत यावं, तर गादी घातलेली असते.

'गादी घातलेली असते.' कर्त्याशिवायच हे वाक्य पूर्ण होतं. कुणी घातली, ते रीलमध्ये दिसत नाही. जेवणाचा ट्रे उचलणारी, गादी घालणारी, सकाळी ती गुंडाळून कपाटात ठेवणारी बाई तिथं असते. तिला नाकाई म्हणतात. पण ती कॅमेऱ्यात आली तर 'शांतता' बिघडते.

गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या या मुक्कामाला जपानी साहित्यात मोठी परंपरा आहे. नात्सुमे सोसेकींच्या 'बोच्चान'चा (१९०६) नायक कुंडात पोहतो म्हणून विद्यार्थी त्याची टर उडवतात. रेल्वेच्या धडकेतून वाचलेले शिगा नाओया किनोसाकीला जाऊन राहतात आणि एक मेलेली मधमाशी, एक उंदीर, एक पाल-सरड्यासारखा पाण्यातला जीव बघत मरणाबद्दल लिहितात (१९१७). या गोष्टी पाहुण्यांनी सांगितलेल्या आहेत. लेखक येतो, अंघोळ करतो, विचार करतो, निघून जातो. या रांगेतली सगळ्यात प्रसिद्ध कादंबरी म्हणजे यासुनारी कावाबातांची 'युकीगुनी'. जगाला ती 'स्नो कंट्री' म्हणून माहीत आहे.

कॉलेजात मी ती पहिल्यांदा वाचली, सायडेनस्टिकर यांच्या १९५६च्या इंग्रजी अनुवादातून. तेव्हा मी सरळ नायकाच्या, म्हणजे शिमामुराच्या, बाजूला जाऊन बसलो. ट्रेनच्या काचेत बाहेरचा संधिप्रकाश आणि योको नावाच्या मुलीचा चेहरा एकमेकांत मिसळतो, ते पान वाचून मी मित्रांना फोटो पाठवले होते. नंतर एका थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलात मी रिसेप्शनवर दोन सीझन काम केलं. पहाटे दोनला गरम पाणी नाही म्हणून फोन, जाताना 'तुम्ही लोक फार गोड आहात' असं म्हणून गालात हसणारे गेस्ट, आणि चादरी मोजणाऱ्या मावशी, ज्यांचं आडनाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर कादंबरी पुन्हा उघडली, तेव्हा शिमामुराच्या बाजूला बसणं जमेना.

गोष्ट साधी आहे. शिमामुरा टोकियोचा, वडिलोपार्जित पैशावर आरामात जगणारा. घरी बायको-मुलं. पाश्चात्त्य बॅलेवर तो लेख लिहितो, पण बॅले त्यानं प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही. डोंगरापलीकडच्या बर्फाळ गावातल्या सराईत तो तीनदा येतो. तिथं त्याला कोमाको भेटते. पहिल्या भेटीत ती पूर्णपणे गेशा झालेली नसते, दुसऱ्या भेटीपर्यंत होते. तिच्या संगीतशिक्षिकेच्या आजारी मुलाच्या उपचारांसाठी ती गेशा झाली, असं गावात बोललं जातं. ती ते नाकारते.

ही कादंबरी १९३५ पासून तुकड्यातुकड्यांनी मासिकांत आली आणि १९४८ साली आजच्या रूपात पूर्ण झाली. तिच्याबद्दल बोलताना लोक बर्फ, शांतता, क्षणभंगुर सौंदर्य हे शब्द वापरतात. ते चूक नाहीत. पण मला ती आता एका खोलीबद्दलची कादंबरी वाटते. त्या खोलीचं भाडं एक जण भरतो, आणि दुसरी तिथं येते ती मेजवान्या उरकून, दारू पिऊन, पहाटे सराईतल्या लोकांची नजर चुकवून परत जाण्यासाठी.

कोमाको सोळाव्या वर्षाच्या आसपासपासून डायरी लिहिते. वाचलेल्या प्रत्येक गोष्टीची ती वहीत नोंद करते: नाव, लेखक, पात्रं. शिक्षक नसताना छापील स्वरलिपीवरून शामिसेन शिकते आणि समोरच्या डोंगरांना ऐकवत सराव करते. शिमामुराला हे सगळं वाया गेलेली मेहनत वाटतं. त्याच्यावरचं तिचं प्रेमही तसंच. त्यात त्याला एक करुण सौंदर्य दिसतं. बरेच समीक्षक हीच त्याची नजर कादंबरीची नजर समजतात.

मला इथं थांबावंसं वाटतं. वाया गेली, असं कोण म्हणतंय? न पाहिलेल्या नाचावर लेख लिहिणारा माणूस. डायरी त्याच्या उपयोगाची नाही, म्हणून ती वाया. हा पाहुण्याचा हिशोब झाला. कोमाकोच्या बाजूनं मोजलं तर त्या वह्या ही तिच्या दिवसातली एकमेव गोष्ट आहे, जिचं बिल कुणाच्या नावावर फाडलं जात नाही.

कावाबातांना हे कळत होतं का? मला वाटतं, होतं. एका प्रसंगात शिमामुरा तिला आधी चांगली मुलगी म्हणतो आणि थोड्या वेळानं चांगली बाई म्हणतो. एवढ्या एका शब्दाच्या फरकानं ती भडकते, रडते. तिचा ऐकण्यात काहीतरी घोळ झाला, असं त्याला वाटतं आणि तो गप्प पडून राहतो. पण घोळ खरंच तिचा आहे का? तिनं त्या शब्दात गिऱ्हाइकाची पसंती ऐकली. रिसेप्शनवर उभं राहून 'फार गोड आहात' ऐकलेल्या माणसाला ती काय ऐकते हे लगेच कळतं. कावाबाता शिमामुराला शिक्षा देत नाहीत, सुधारतही नाहीत. फक्त त्याला गप्प ठेवतात. त्या गप्प बसण्यातच त्यांची टीका आहे. पण ती इतकी हलकी आहे की आरामात वाचणाऱ्याला ती चुकवता येते. मी चुकवली होती. हा कादंबरीचा मोठेपणा आहे आणि तिची पळवाटही. सराईत निखारे आणणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या बायका तर तिच्या कडेकडेनंच वावरतात.

त्या बायका मधोमध आलेल्या पाहायच्या असतील, तर हायाओ मियाझाकींचा २००१चा 'स्पिरिटेड अवे' पुन्हा बघा. पाहुणा म्हणजे देव, असं आपण म्हणतो. मियाझाकींनी ते शब्दशः घेतलं. त्यांच्या स्नानगृहात येणारे पाहुणे खरोखरचे देव आहेत आणि कॅमेरा नोकरांच्या बाजूला आहे. पाणी गरम कसं होतं, हे इथं कळतं: तळघरात सहा हातांचा म्हातारा भट्टी सांभाळतो, काजळीचे गोळे कोळसा वाहतात. दहा वर्षांच्या चिहिरोला कामावर घेताना मालकीण आधी तिचं नाव काढून घेते. अक्षरं उडून जातात, उरतं नुसतं 'सेन'. गाद्या इथंही आहेत, पण त्या कामगार मुलींच्या, एका खोलीत ओळीनं. आणि सगळे नाक दाबून पळतात त्या घाणेरड्या पाहुण्याच्या अंगातून सायकल ओढून काढावी लागते, तेव्हा तो नदीचा देव निघतो. सेवा म्हणजे काय, हे मला कुठल्याही हॉटेलच्या ट्रेनिंगपेक्षा त्या दृश्यात जास्त कळलं. ते काम आहे. त्याला ताकद लागते, आणि नजरही.

तरी मियाझाकींनाही एक सूट घ्यावी लागली. चिहिरो आपलं नाव आठवून घरी जाते. तिला सगळं शिकवणारी लिन मात्र तिथंच राहते. समुद्रापलीकडच्या गावाकडे बघत ती म्हणालेली असते की एक दिवस मी हे सोडून जाणार. चित्रपट संपतो, तिचं काय झालं ते आपण विचारत नाही.

'युकीगुनी'चा शेवट एका आगीनं होतो. सिनेमा दाखवत असलेल्या रेशीमकोशांच्या गोदामाला आग लागते, वरच्या मजल्यावरून योको खाली पडते. कोमाको धावत जाऊन तिला उचलते. शिमामुरा गर्दीत मागे ढकलला जातो आणि आकाशगंगा बघतो. तो पुन्हा टोकियोला जाईल, हे आपल्याला माहीत असतं. कोमाको कुठं जाणार?

कादंबरीत गावाचं नाव नाही, पण ते निईगाता प्रांतातलं युझावा. आता शिनकानसेननं टोकियोहून दीडएक तासाच्या आत तिथं पोचता येतं. कावाबाता जिथं राहून लिहीत, त्या ताकाहान र्‍योकानमध्ये त्यांची खोली जपून ठेवली आहे. गावात कोमाकोच्या नावाचं एक सार्वजनिक स्नानगृहही आहे. पाहुण्याला खोली मिळाली, आणि तिचं नाव पाण्याला.

कधी गेलात, तर जरूर डुंबा. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवा, टॉवेल पाण्यात बुडवू नका. आणि परत येऊन गादी घातलेली दिसली, तर ती कुणी घातली ते विचारा. नाव कळलं तर लक्षात ठेवा.