‘कर्मयोग’ ते ‘योगभ्रष्ट’: प्रभावाचा एक धागा

स्वातंत्र्यचळवळीच्या काळातील साहित्याचा नंतरच्या लेखकांवरील प्रभाव शोधताना मराठी समीक्षा सहसा साम्यस्थळे मोजते. विषय तोच, वीररस तोच, म्हणून प्रभाव. यवतमाळ जिल्ह्याशी निगडित दोन संहिता शेजारी ठेवल्या की ही पद्धत अपुरी पडते.

वणीचे लोकनायक बापूजी अणे हे टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे त्यांचे संस्कृत महाकाव्य त्यांच्या निधनानंतर (1968) प्रसिद्ध झाले आणि 1973 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कारास पात्र ठरले. स्वातंत्र्याला दोन दशके उलटल्यावरही येथील नायक अखंड आहे. ‘गीतारहस्या’ने (1915) प्रतिपादलेला कर्मयोग त्याच्या चरित्रात मूर्त होतो. महाकाव्याची जुनी चौकट त्यासाठीच हवी होती.

त्याच सुमारास, 1966 मध्ये, याच जिल्ह्यातील बेलोऱ्यात जन्मलेल्या वसंत आबाजी डहाके यांची ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घकविता ‘सत्यकथे’त आली. तिचे वाचन बहुधा अस्तित्ववाद, महानगर, साठोत्तरी बंडखोरी या अंगांनी होते. ते चुकीचे नाही. पण शीर्षकाकडे जावे तितके लक्ष जात नाही. हा शब्द गीतेच्या सहाव्या अध्यायातला. साधना अर्धवट सुटलेला माणूस फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का, असे अर्जुन विचारतो. त्याचे प्रयत्न वाया जात नाहीत, तो चांगल्या घरी पुन्हा जन्मतो, असे आश्वासन कृष्ण देतो. डहाक्यांनी अर्जुनाचा प्रश्न ठेवला, कृष्णाचे उत्तर गाळले. टिळकांनी ज्या ग्रंथाला कृतीचा आधार केले, त्याच ग्रंथातून स्वातंत्र्योत्तर कवीने कृतीची शक्यता हरवलेल्या माणसाचे नाव उचलले. हाही प्रभावच, आणि वीरगाथांच्या अनुकरणाहून खोल. रणजीत होस्कोटे व मंगेश कुलकर्णी यांच्या इंग्रजी अनुवादाला (1992) ‘आत्म्याचा दहशतवादी’ अशा अर्थाचे शीर्षक आहे. त्यात कवितेची हिंस्रता येते, गीता मात्र निसटते.

भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’पाशी (1990) हा धागा तुटतो. अणे यांनी 1930 मध्ये पुसद भागात जंगल कायदा मोडला, तेव्हा जंगल हे सत्याग्रहाचे निमित्त होते. जिल्ह्यातील या आदिवासी कवीने शीर्षकासाठी टिळक-गांधींच्या कोशातील शब्द घेतला नाही. बिरसा मुंडांच्या 1899-1900 च्या उठावाचे नाव घेतले. डहाके पूर्वजांशी भांडतात, मेश्राम पूर्वजच वेगळे निवडतात. केवळ जिल्हा एक म्हणून अणे यांच्या महाकाव्याला या संग्रहाचे पूर्वसूत्र म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये.